पाचर

एवढ्या जाडीचं लाकूड आता मिळत नाही,
म्हणून चार फळ्यांचा एक पाय.
वर चार बोटं, खाली जेमतेम अडीच,
केळफुलासारखा निमुळता.
असे चार पाय हळदोण्याच्या एर्मेलिंद बायना
जेवणाच्या टेबलासाठी हवे होते,
नाताळच्या आत.

सगुण मेस्त बोलत कमी.
फळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं कमान काढायचे,
एकीची वर, दुसरीची खाली.
"सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसवल्यास
तर पावसात सगळ्या मिळून वाकतील.
एकमेकींना धरून ठेवू देत."
मी त्यांच्या बहिणीची मुलगी,
मुळगावात नवी, सतरा वर्षांची,
मला वाटलं, हे फणसाबद्दलच चाललंय.

फणस एकाच झाडाचा,
रस्ता रुंद करताना पडलेला, पिवळाधमक.
फक्त तिसऱ्या पायाला एक फळी कमी आली,
ती शेजारच्या कोठीच्या दारातून काढली.
तिला खिळ्यांची भोकं होती
आणि आत अजून भाताचा वास.

बाहेरच्या फळ्या उतरत्या कापल्या,
प्रत्येकीतून एक पाचर निघाली.
चार पायांच्या आठ पाचरी,
दातकोरण्यासारख्या टोकाच्या, हलक्या, सुक्या.
संध्याकाळी न्हाणीचं पाणी तापवायचं होतं.
आठही मी चुलीत घातल्या.
छान पेटल्या.

दुसऱ्या दिवशी गोंद.
आजोबांच्या वेळी सरस डब्यात कढायचा,
वासाला गल्लीतली कुत्री जमायची,
आता पांढरा गोंद, सायीसारखा,
आणि हातात दहा मिनिटं.
मेस्तांनी चारही फळ्यांना लावला,
एकावर एक ठेवल्या, क्लॅम्प आवळला,
आणि क्लॅम्प उतारावरून खाली घसरला.
पुन्हा आवळला.
फळ्या एकमेकींवरून सटकल्या
साबण लागलेल्या हातांसारख्या.

"ते तुकडे खंय?"
मी म्हटलं, न्हाणीत.
त्यांना आधी कळलं नाही.
मग कळलं.

ओरडले नाहीत, तेच वाईट वाटलं.
ओल्या फडक्यानं गोंद पुसला,
फळ्या भिंतीला टेकवल्या, आणि म्हणाले,
"जो उतार कापून काढला
तो उलटा लावायचा परत, वरून,
म्हणजे दोन्ही बाजू सरळ होतात
आणि दाब धरायला जागा मिळते.
सुकला की काढायचा.
मग जाळ, हवा तर."
लोक म्हणतात, पाचर मारली की काम अडतं.
इथं ती नव्हती म्हणून अडलं.

रात्री साडेदहापर्यंत आम्ही
आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या कापून
नव्या आठ पाचरी केल्या.
कोनही जुळला नाही नीट,
त्या फळ्यांत आमच्या झाडाचा उतार नव्हता.
गोंदानं चिकटू नयेत म्हणून
मधे वर्तमानपत्राचा कागद.
दहा मिनिटांत एकेक पाय.
मी धरत होते, ते आवळत होते,
सांध्यातून गोंदाचे मणी येत होते, एका ओळीत.
"मणी आले म्हणजे बरं," एवढंच म्हणाले.

नाताळच्या चार दिवस आधी टेबल टेम्पोतून गेलं.

मेस्त गेले त्याला आता सहा वर्षं.
परवा एर्मेलिंद बायच्या सुनेचा फोन आला,
टेबल डुगडुगतंय.
फरशी खचली होती, पाय नाही,
पण ते बघायला मी खाली आडवी झाले,
दिवा धरला.
तिसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला,
जिथं रंधा पोचला नव्हता,
कागदाची छपाई लाकडावर उतरलेली,
उलटी, फिकट.
खिशातला छोटा आरसा समोर धरला.
नारळाचा त्या आठवड्याचा भाव,
शेकड्यानं.
खाली कुणाच्या तरी बाराव्याची जाहिरात,
नाव अर्धंच.

सूनबाई वरून विचारत होती,
"काही मोडलंय का?"
"नाही," मी म्हटलं,
"एक पातळ पाचर लागेल."